मनाचा शीण आणि भाषेचं काम

(लेखक-शिक्षक शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



या विषयावर बोलण्यासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी नकारच दिला. मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही. २९ वर्षं मी मराठी शिकवलं, संध्याकाळी गावचं वाचनालय सांभाळलं, आणि मधल्या वेळात अंक, स्पर्धा, बालनाट्यं हे सगळं केलं. त्यावर संयोजक म्हणाले, "बाई, तुम्ही त्यातून गेलात आणि परत आलात. तेवढंच सांगा." म्हणून आज उभी आहे. वाचून जे समजलं आणि भोगून जे कळलं, ते दोन्ही सांगते.

आपण भाषेची माणसं, तेव्हा सुरुवात शब्दांपासून करू. आपल्याकडे थकण्याला किती शब्द आहेत पाहा. थकवा अंगाला येतो, रात्रभर झोपलं की उतरतो. शीण त्याहून खोल, तो झोपेनं पुरता जात नाही. आणि वीट? वीट येतो तो आवडीच्या गोष्टीचा. जे कधी आवडलंच नाही, त्याचा वीट येत नाही, त्याचा फक्त कंटाळा येतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इंग्रजीत ज्याला बर्नआउट म्हणतात, त्यासाठी मला सगळ्यात जवळचा शब्द सापडला तो स्वयंपाकघरात. आपण म्हणतो, "दूध लागलं." वरून पाहिलं तर दूध पांढरंशुभ्र, साय धरलेलं. काही बिघडलंय असं वाटतच नाही. पण बूड करपलेलं असतं आणि तो वास सगळ्या दुधात उतरलेला असतो. मोठ्या आचेवर ठेवून आपण दुसऱ्या कामात गुंतलो की असं होतं. माणसाचंही तसंच होतं. वर्ग चालू असतात, कार्यक्रम होत असतात, भाषणं रंगत असतात, आणि बूड लागलेलं असतं.

हा शब्द या अर्थानं रूढ कसा झाला, ती हकिकत आपल्या कामाची आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसोपचार क्षेत्रातले एक तज्ज्ञ न्यूयॉर्कमध्ये होते. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळी ते गरिबांसाठीच्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे येणारी बरीच माणसं स्वयंसेवक होती, ध्येयानं आलेली. काही महिन्यांनी तीच माणसं चिडचिडी, कोरडी, रुग्णांना टाळणारी होऊ लागली, हे त्यांनी पाहिलं. स्वतःचीही तीच गत झालेली त्यांनी अनुभवली. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला. म्हणजे या अवस्थेचं हे निरीक्षण झालं ते सेवाभावी माणसांवर. ज्यांना त्या कामाची सक्ती नव्हती, पगार नव्हता आणि ज्यांनी ते मनापासून पत्करलं होतं, अशांवर. या सभागृहात अशी किती माणसं बसली आहेत, ते आपण एकमेकांकडे पाहून ओळखू शकतो.

पुढे कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मास्लाक यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. सुझन जॅक्सन यांच्यासह त्यांनी तयार केलेली मोजपट्टी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, शक्ती संपून जाणं. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याविषयीच मनात कोरडेपणा किंवा कडवटपणा येणं. तिसरी, आपल्या हातून काही घडतच नाही असं वाटू लागणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणातही याच तीन गोष्टी आहेत. मात्र तिथे हा आजार म्हणून नोंदलेला नाही. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ न हाताळलेला ताण यामागे असतो, असं तिथे म्हटलं आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. दोष माणसाच्या कमकुवतपणात शोधण्याआधी कामाकडे पाहा, असा त्याचा अर्थ मी घेते.

आता माझी गोष्ट सांगते.

त्या वर्षी माझ्याकडे काय काय होतं? शाळेत जोडवर्ग. त्यात मतदारयादीचं काम, निरनिराळे तक्ते आणि माहिती भरणं. शाळेतली पटसंख्या घटत होती, म्हणून सुट्टीत घरोघरी जाऊन पालकांना विनवणं. संध्याकाळी वाचनालय. शनिवारी मुलांचा नाट्यवर्ग. शिवाय एका संस्थेच्या वार्षिक अंकाचं संपादन. यातलं निम्मं काम कुणी माझ्यावर लादलेलं नव्हतं. मीच घेतलं होतं. "बाई आहेत म्हणून मराठी टिकलीय," असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आषाढात कधीतरी निबंधाच्या ४२ वह्या तपासायला घरी आणल्या. तीन आठवडे त्या पिशवीतच राहिल्या. रोज पिशवी घेऊन शाळेत जायची आणि तशीच परत आणायची. वही उघडायला हात धजत नव्हता. रात्री दोन वाजता जाग यायची आणि न केलेल्या कामांची यादी डोळ्यांसमोर यायची. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. आरती चालू असताना मी मनात एकच हिशेब करत होते, हे सगळे कधी जातील.

त्याच दिवसांत सहावीतला एक मुलगा वाचनालयात आला. त्यानं वहीच्या पानावर कविता लिहून आणली होती. मी नोंदवहीतून मान वर न करता म्हटलं, "ठेव तिथे." तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. ते पान मला दिवाळीनंतर सापडलं, पावत्यांच्या गठ्ठ्यात. तोवर त्या मुलानं वाचनालयात येणं सोडलं होतं.

त्या दिवशी मी घाबरले. ज्यासाठी हे वाचनालय चालवत होते, तेच दाराशी आलं आणि मी मान वर केली नाही. मास्लाकबाईंची दुसरी खूण ती हीच. तेव्हा मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं, पण लागलेल्या दुधाचा वास मात्र आला.

आधी मी डॉक्टरांकडे गेले. हे मुद्दाम सांगते, कारण आपण पुष्कळदा ही पायरी गाळतो. रक्तातलं लोह कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, झोपेचा विकार असेल, तरीही असंच वाटू शकतं. आणखी एक भेद समजून घ्यायला हवा. शिणलेल्या माणसाला कामाचा वीट येतो, पण कामाबाहेर, निदान सुरुवातीला, त्याला कशात तरी गोडी वाटते. नैराश्यात सगळ्याचीच चव जाते. स्वतःविषयी तिरस्कार वाटतो, जगणं नकोसं होतं. या दोहोंची सीमा पुसट असते आणि पहिल्यातून दुसऱ्यात माणूस उतरू शकतो. म्हणून जगणं नको असं एकदाही वाटलं, तर व्याख्यानांवर आणि पुस्तकांवर विसंबू नका. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य चालते. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक आत्ताच लिहून घ्यावा. स्वतःला नाही लागला, तर बाकावरच्या मित्राला लागेल.

मला औषधाची गरज पडली नाही. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. मी १५ दिवसांची रजा काढली. बहिणीकडे जाऊन झोपले, खाल्लं, गप्पा मारल्या. बरं वाटलं. परत आले आणि दुसऱ्याच आठवड्यात होते तिथेच पोचले. तेव्हा कळलं की दूध खाली उतरवून थंड केलं आणि पुन्हा त्याच पातेल्यात त्याच आचेवर ठेवलं, तर ते पुन्हा लागणारच. लागलेल्या दुधाचं आपली आई काय करायची? आधी आच बंद. मग पळीनं बूड खरवडायचं नाही, कारण खरवडलं की वास आणखी पसरतो. आणि वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात काढायचं. मला पुढचा सगळा मार्ग याच क्रमानं सापडला.

आच बंद करणं म्हणजे ओझं खरोखर कमी करणं. मी एका कागदावर माझी सगळी कामं लिहिली. २३ भरली. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहिले. हे मीच करायला हवं का? दुसरं कुणी करू शकेल का? कुणीच केलं नाही तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात थरथरतो, कारण बऱ्याच कामांपुढे "काहीही होणार नाही" असं लिहावं लागतं. अंकाचं संपादन मी सोडलं. वाचनालय सहाऐवजी चार दिवस उघडायचं ठरवलं आणि त्यातले दोन दिवस पालकांपैकी दोघींनी घेतले. त्यांनी पुस्तकं माझ्यासारखी लावली नाहीत. कथासंग्रहांत पाककृतींची पुस्तकं गेली. मी गप्प बसले. गप्प बसणं हेही शिकावं लागलं.

आणि नाट्यवर्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला नाही. हे मी लपवणार नाही. सावरण्याची किंमत असते आणि ती कधीकधी आपल्या लाडक्या कामानं भरावी लागते. "सगळं सांभाळून स्वतःलाही सांभाळा," असं सांगणारे सल्ले मला म्हणूनच पटत नाहीत.

बूड न खरवडणं म्हणजे स्वतःला दोष देत न बसणं. "मी कशी अशी वागले, माझ्यातच खोट आहे," असं घोकत राहिलं की शीण वाढतोच. इथे मला लिहिण्यानं मदत केली. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला सलणाऱ्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा फायदा बेताचाच आणि सगळ्यांना सारखा नाही, असं दिसलं. म्हणजे ही जादू नाही, पण फुकट आहे आणि आपल्या हातातली आहे. अट एकच, ते लेखन कुणाला दाखवायचं नाही. लेखकांना ही अट फार जड जाते! मीही चौथ्या दिवशी त्यात अलंकार घालू लागले होते. ते जाणवलं तेव्हा हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं पहिलं हसू.

तिसरं, दूध दुसऱ्या भांड्यात काढणं. विसावा म्हणजे नुसतं पडून राहणं नव्हे. जर्मन अभ्यासक साबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विसाव्याचे चार घटक मांडले. कामातून मन सुटणं, शरीर सैल होणं, काही नवं जमू लागल्याचा आनंद आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. या चारांवर मी माझा दिवस तपासून पाहिला. शाळा सुटल्यावर मी घरी जात होते, पण मोबाइलवरच्या पाच गटांमधून शाळा माझ्यामागून घरी येत होती. मी रात्री आठनंतर गट पाहणं बंद केलं. पहिल्या आठवड्यात दोघांनी नाराजी दाखवली. महिन्याभरात सगळ्यांना सवय झाली. शाळा ते घर हे अंतर रिक्षाऐवजी चालत जाऊ लागले. २५ मिनिटं. वाटेत एक पूल लागतो. पूल ओलांडला की शाळेचा विचार करायचा नाही, असा स्वतःशी करार केला. रोज पाळला गेला नाही, पण करार होता म्हणून मोडल्याचं कळायचं.

नवं शिकण्यासाठी मी शेजारच्या एका काकींना गाठलं. माटोळीला बांधायची रानफळं आणि वेली त्यांना ओळखता येत. पावसाळ्यात त्यांच्या मागून रानात जायचं, पानं हुंगायची, नावं पाठ करायची. मी विद्यार्थिनी आणि त्या मास्तरीण. मी चुकले की त्या म्हणायच्या, "शिक्षकबाई आणि एवढंही कळत नाही?" मला ते फार बरं वाटायचं. कुणाला ही गोष्ट कळली आणि फोन आला, "बाई, माटोळीवर आमच्या अंकासाठी लेख द्या ना." मी नाही म्हटलं. तो लेख मी लिहिला असता, तर ते रानही माझं कामाचं ठिकाण झालं असतं.

इथे एक अडचण येते. ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो घेण्याचं त्राण नसतं. मग सुरुवात कशी करायची? याचं एक उत्तर आपल्या गोव्यातच सापडतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी एक उपचार तपासून पाहिला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. प्रशिक्षण दिलेली स्थानिक, सामान्य माणसं रुग्णांना भेटत, थोड्याच बैठका घेत, आणि त्याचा गुण येत होता. त्यामागचं तत्त्व साधं आहे. मन लागेल तेव्हा करू, असं म्हणत थांबायचं नाही. छोटी, ठरलेली, अर्थपूर्ण कृती आधी करायची, मन मागून येतं. तो उपचार नैराश्यासाठी होता, शिणासाठी नव्हे. पण हे तत्त्व मला लागू पडलं. "रोज फिरायला जाईन" हा संकल्प टिकला नाही. "चप्पल घालून फाटकापर्यंत जाईन" हा टिकला. फाटकापर्यंत गेलं की पुढे पाय आपोआप पडत.

गोव्याचा विषय निघाला म्हणून सांगते. सुशेगाद हा आपल्याकडचा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला. मूळ अर्थ शांत, निवांत. आपण त्याला आळशी असा अर्थ चिकटवला आणि त्याची लाज बाळगू लागलो. दुपारी दुकान बंद करून जेवून आडवा होणारा माणूस संध्याकाळी गिऱ्हाइकाशी हसून बोलायचा. आपण दुपारही उघडी ठेवली आणि हसणं बंद केलं. शब्दाचा अर्थ बिघडला की जगण्यातलं काय हरवतं, ते तुम्हा भाषेच्या माणसांना मी वेगळं सांगायला नको.

आतापर्यंत बोलले ते एकेकट्या माणसानं काय करावं याविषयी. पण एवढंच सांगून थांबले तर तो अन्याय होईल. मास्लाक आणि मायकेल लाइटर यांनी १९९७ च्या त्यांच्या पुस्तकात म्हटलंय की माणूस आणि काम यांचा मेळ सहा ठिकाणी बिघडतो. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांचं नातं, न्याय आणि मूल्यं. यातलं एकही श्वासाच्या व्यायामानं सुटत नाही. प्राणायाम चांगलाच, मी रोज करते. पण शिक्षकावर दहा माणसांचं काम टाकायचं आणि वर्षातून एकदा त्याच्यासाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवायचं, हे म्हणजे आच तशीच ठेवून दुधावर फुंकर मारणं.

महाराष्ट्राबाहेर मराठीचं काम करणाऱ्या आपल्या संस्थांना म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. इंदूर असो, बेळगाव असो, बडोदा असो की आपला गोवा, चित्र फारसं वेगळं नसावं. संस्था मोठी आणि काम करणारे हात तीन-चार. पहिली विनंती, पदं फिरती ठेवा. दोन वर्षं चिटणीस राहिलेल्याला तिसऱ्या वर्षी सक्तीची सुट्टी द्या. दुसरी, कार्यक्रमांची संख्या कमी करा. वर्षाला बारा दमलेल्या कार्यक्रमांपेक्षा पाच टवटवीत कार्यक्रम बरे. तिसरी, कामाचं मोल द्या. मानधन जमत नसेल तर प्रवासखर्च द्या, तोही जमत नसेल तर निदान नाव घेऊन आभार माना. चौथी विनंती सगळ्यात अवघड आहे. "तुम्ही थांबलात तर मराठीचं कसं होणार?" हे वाक्य कुणालाही म्हणू नका. माझ्या पातेल्याखालची सगळ्यात मोठी आच ती होती. एका माणसाच्या झोपेवर जी भाषा उभी राहील, ती त्या माणसाबरोबरच पडेल. आणि सेवा हा शब्द फार मोठा आहे. फुकट राबवून घेण्यासाठी तो वापरला की तो शब्दही लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडकं. ताण मुळात वाईट नाही. तंबोऱ्याच्या तारेला ताण नसेल तर सूर लागत नाही. परीक्षेआधीची धडधड तुम्हाला जागं करते. परीक्षा संपल्यावर ती थांबली की ठीक. ती थांबतच नाही, झोप जाते, आवडती गोष्ट नकोशी होते, तेव्हा आणखी जोर लावू नका. घरच्यांना सांगा, शिक्षकांना सांगा. आणि शिक्षकानं मान वर केली नाही, तर दुसऱ्या शिक्षकाकडे जा.

मला पूर्ण सावरायला दीड वर्ष लागलं. मधे दोनदा घसरले. आजही मी जुन्यासारखी धावत नाही. पण वही उघडताना हात अडत नाही.

त्या मुलाची कविता मी चार महिन्यांनी वाचली. पावसात भिजलेल्या कुत्र्यावर होती. मी त्याला पत्र लिहिलं. उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली आणि कवितेतली कुठली ओळ मला आवडली आणि का, तेही लिहिलं. आठवड्यानं तो आला. म्हणाला, "बाई, ती कविता आता मलाच आवडत नाही." आणि खिशातून दुसरा कागद काढला. या वेळी मी नोंदवही मिटली, चष्मा पुसला आणि त्याच्यासमोर बसून ती शेवटपर्यंत वाचली.

भाषेचं काम करायचं ते अशा पाच मिनिटांसाठी. ती पाच मिनिटं आली, तेव्हा मान वर करण्याइतकं त्राण आपल्यात उरलेलं असावं, एवढीच माझी इच्छा आहे.